वाचकांचे प्रश्न : मॅसिडोनियन भाषेतील अभिवादन, आभार आणि अदब

बाल्कन प्रदेशातील उत्तर मॅसिडोनिया या लहानशा देशाशी आपल्या वाचकांचा संबंध येतो तो नोकरीमुळे, शिक्षणामुळे, लग्नाने जुळलेल्या नात्यामुळे किंवा ओह्रिदच्या तळ्याकाठच्या सहलीमुळे. तेथील भाषेत निदान अभिवादन करावे, आभार मानावेत आणि चूक झाली तर क्षमा मागता यावी, या अपेक्षेने आलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. ही भाषा किरिल लिपीत लिहितात. येथे मात्र सर्व शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

मराठीतल्या ‘नमस्कार’सारखा कोणत्याही वेळी आणि कोणालाही चालेल असा एकच शब्द मॅसिडोनियनमध्ये आहे का?
— एक वाचक, ठाणे

कोणत्याही वेळी चालेल असा शब्द आहे, परंतु तो कोणालाही चालत नाही. ‘झ्द्रावो’ हा शब्द मित्रांना, बरोबरीच्या सहकाऱ्यांना आणि ओळखीच्या शेजाऱ्यांना दिवसभरात केव्हाही म्हणता येतो. अनोळखी वडीलधारी व्यक्ती, दवाखान्यातील डॉक्टर, कार्यालयातील अधिकारी किंवा काउंटरपलीकडचा कर्मचारी यांच्याशी बोलताना मात्र वेळेप्रमाणे अभिवादन करण्याची रीत आहे. सकाळी ‘दोब्रो उत्रो’, सकाळ उलटली की ‘दोबार देन’ आणि दिवेलागणीपासून ‘दोब्रोवेचेर’ म्हणावे. घड्याळाचा अंदाज येत नसेल तर ‘दोबार देन’ म्हणून मोकळे व्हावे. उजेड आहे तोवर ते कोणाला खटकणार नाही. ‘दोब्रा नोक्य’ हे शब्द मात्र भेटीचे नसून निरोपाचे आहेत, त्यामुळे रात्री कोणाच्या घरी पोहोचल्यावर ते उच्चारू नयेत. झोपायला जाणाऱ्या माणसाला ‘लेका नोक्य’, म्हणजे शब्दशः ‘हलकी रात्र’, असेही म्हणतात आणि घराघरांत हाच प्रयोग अधिक ऐकू येतो.

निरोप घेताना ‘प्रियात्नो’ म्हटले की पुरते. ‘दोविदुवान्ये’ किंवा ‘दो ग्लेदान्ये’ (पुन्हा भेटू) हे त्याहून किंचित औपचारिक आहेत, तर ‘चाओ’ हे मित्रमंडळींतले. मॅसिडोनियन माणूस प्रत्यक्षात निरोप घेतो तेव्हा यांच्याआधी बहुधा ‘आय्दे’ असते. ‘आय्दे, प्रियात्नो’ याचा भाव आपल्या ‘बरं, येतो हं’ या बोलण्याच्या अगदी जवळ जातो. फोनवरचे बोलणे संपवताना हा ‘आय्दे’ दोनतीनदा उच्चारला जातो आणि तरीही बोलणे लगेच संपतेच असे नाही, हा अनुभव मराठी घरांना नवा नाही.

माझ्या मुलीचे लग्न तिला जर्मनीत नोकरी करताना भेटलेल्या एका मॅसिडोनियन मुलाशी झाले. त्याचे आईवडील बितोला या गावी राहतात आणि त्यांना इंग्रजी फारसे येत नाही. आम्ही दोघे त्यांच्या घरी प्रथमच जात आहोत. दारात काय बोलावे, त्यांना कसे संबोधावे आणि जेवताना काय म्हणावे? मी शाकाहारी आहे.
— एक वाचिका, नाशिक

आपल्या प्रश्नात या सदराचा निम्मा विषय आला आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देते.

दार उघडताच यजमान आपल्याला ‘दोब्रेदोय्दोव्ते’ म्हणतील. याचा अर्थ ‘आपले स्वागत असो’. याला ‘ब्लागोदाराम’ (आभारी आहे) असे उत्तर दिले तर ते चूक नाही, पण ते परक्याचे उत्तर झाले. घरच्या माणसाचे उत्तर आहे ‘पोदोब्रो वे नाय्दोव्मे’. तुम्ही ‘बरे आलात’ म्हणता, तर आम्हाला तुम्ही त्याहून बरे भेटलात, असा त्याचा आशय. एकट्याने बोलताना शेवटचा शब्द ‘नाय्दोव’ होतो. आपण दोघे असल्यामुळे ‘नाय्दोव्मे’ म्हणावे. प्रवासाआधी एकच वाक्य पाठ करण्याइतका वेळ असेल, तर माझ्या मते ते हेच असावे, कारण परदेशी पाहुण्याकडून त्याची अपेक्षा कोणीच केलेली नसते.

यानंतर पादत्राणे दाराशी काढावीत. बहुतेक घरांत पाहुण्यांना घरात वापरायच्या सपाता देतात. त्यांना ‘पापुचि’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘पायपोस’चाच फारसीकडून तुर्कीमार्गे बाल्कनात पोहोचलेला भाऊबंद आहे. फुले न्यायची असतील तर ती विषम संख्येत न्यावीत, कारण सम संख्येची फुले दुःखाच्या प्रसंगी नेतात.

आता संबोधनाकडे वळू. मराठीत जावयाच्या आईवडिलांशी असलेल्या नात्याला व्याही आणि विहीण असे खास शब्द आहेत. इंग्रजीत ते नाहीत, मॅसिडोनियनमध्ये मात्र आहेत. व्याह्यांना ‘स्वात’ म्हणतात आणि विहिणीला ‘स्वाक्या’. हाक मारताना ‘स्वात’चे ‘स्वाते’ होते, कारण या भाषेत नामांच्या बहुतेक विभक्ती गळून गेल्या तरी संबोधनाचे रूप अजून टिकून आहे. आपण ‘मुलगा’चे ‘मुला’ करतो त्यातलाच हा प्रकार. जावयाला ‘झेत’ आणि सुनेला ‘स्नाआ’ म्हणतात. आपली मुलगी त्या घरची ‘स्नाआ’ आहे आणि संस्कृतातील ‘स्नुषा’, मराठीतील ‘सून’ आणि हा शब्द ही एकाच मुळाची रूपे आहेत, एवढे व्याह्यांना सांगितले तर जेवणाच्या टेबलावर बोलायला विषय मिळेल. काका आणि मामा यांत त्यांची गल्लत होत नाही: वडिलांचा भाऊ ‘स्त्रिको’ किंवा ‘चिच्को’, आईचा भाऊ ‘वुय्को’, त्यांच्या बायका अनुक्रमे ‘स्त्रिना’ आणि ‘वुय्ना’. आत्या आणि मावशी यांना मात्र त्यांनी एकाच शब्दात बसवले आहे, तो म्हणजे ‘तेत्का’. शेजारच्या वयस्क बाईंनाही मुले ‘तेत्का’ म्हणतात, जशी आपल्याकडे कोणीही बाई मुलांची ‘मावशी’ होते.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद तेथेही आहे: ‘ति’ आणि ‘विए’. ‘कसा आहेस’ म्हणजे ‘काको सि’, ‘कसे आहात’ म्हणजे ‘काको स्ते’. आदरार्थी रूपासोबत क्रियापद अनेकवचनी येते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. फरक आहे तो वापराच्या हद्दीत. मॅसिडोनियन घरात आईवडील, आजीआजोबा या सर्वांना ‘ति’च म्हणतात, वडिलांना ‘अहो’ म्हणण्याची सवय असलेल्या मराठी कानाला नातवाने आजोबांना केलेले एकेरी संबोधन प्रथम उद्धट वाटेल, पण तसे ते नाही. उलट बाहेर, अनोळखी मोठ्या माणसाला ‘ति’ म्हणणे खरोखरच उद्धटपणाचे मानले जाते. आपण व्याह्यांशी बोलताना ‘विए’ने सुरुवात करावी. बहुधा पहिल्या जेवणापर्यंतच ते स्वतःहून ‘ना ति’, म्हणजे ‘आता तू म्हणू या’, असे सुचवतील. ते सुचवण्याचा मान वयाने मोठ्या माणसाचा असतो आणि नंतर पुन्हा ‘विए’कडे वळणे म्हणजे रुसल्याची खूण समजली जाण्याचा धोका असतो.

जुन्या वळणाच्या घरांत पाहुण्यांपुढे प्रथम ‘स्लात्को’ येते. हे फळांचे पाकातले गोड असते. त्याचा चमचाभर घास घ्यायचा आणि वर पाणी प्यायचे. मग कॉफी, आणि पिणाऱ्यांसाठी राकिया, म्हणजे फळांपासून काढलेली कडक दारू. पेला उचलताना ‘ना झ्द्राव्ये’ म्हणतात आणि ज्याच्याशी पेला भिडवायचा त्याच्या डोळ्यांत पाहतात. दारू घेत नसाल तर पाण्याचा किंवा सरबताचा पेला उचलून तेच म्हणावे. कोणी आग्रह केला तर ‘फाला, ने पियाम’ (धन्यवाद, मी पीत नाही). शिंक आल्यावरही ‘ना झ्द्राव्ये’च म्हणतात, त्यामुळे पेला हातात नसताना हे शब्द कानांवर पडले तर गोंधळून जाऊ नये.

जेवायला सुरुवात करताना यजमान ‘प्रियात्नो’ म्हणतील. निरोपाचा म्हणून जो शब्द वर सांगितला तोच हा. पानावर बसल्यावर त्याचा अर्थ ‘सावकाश होऊ द्या’ असा होतो आणि त्याला ‘प्रियात्नो’ असेच उत्तर देतात. शाकाहाराविषयी पहिल्याच वेळी स्पष्ट सांगावे: ‘इझ्विनेते, यास ने यादाम मेसो’, म्हणजे ‘क्षमा करा, मी मांस खात नाही’. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करतात आणि अशा जेवणाला ‘पोस्नो’ म्हणतात. हा शब्द घरोघरी आणि उपाहारगृहांतही ठाऊक असल्यामुळे सोयीचा आहे. पण काही उपवासांना मासा चालतो, म्हणून ‘पोस्नो’ म्हटल्यावर पानात मासा येऊ शकतो आणि हक्काचे दही मात्र येणार नाही. तेव्हा ‘बेझ मेसो, बेझ रिबा’ (मांस नको, मासा नको) असे जोडून सांगावे. शिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याचे ‘ताव्चे ग्राव्चे’ आणि भाजलेल्या लाल मिरचीचे ‘आय्वार’ आपल्या जिभेला रुचतील, पण ‘ताव्चे ग्राव्चे’मध्ये कधी कधी मांसाचे तुकडे घालतात, त्यामुळे तेथेही हा प्रश्न विचारलेला बरा.

पोट भरल्यावर बाईंनी ‘सिता सुम’ म्हणावे आणि पुरुषांनी ‘सित सुम’. मराठीत ‘जेवले’ आणि ‘जेवलो’ वेगळे असतात, तसाच हा लिंगभेद आहे. अर्थात एवढे म्हटल्याने वाढणे थांबेल, ही आशा आपल्याकडे जितकी फोल तितकीच तेथेही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना ‘म्नोगु ए व्कुस्नो’ (फार चवदार आहे) म्हणावे, आणि त्याहून मनापासून म्हणायचे असेल तर ‘दा वि से पोझ्लातात रात्सेते’, म्हणजे ‘तुमच्या हातांना सोने लागो’.

मी पुण्यातील एका कंपनीत काम करतो आणि उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीतील, म्हणजे स्कोप्ये येथील, सहकाऱ्यांशी रोज ऑनलाइन बैठक असते. त्यांच्या भाषेतील शब्द वापरायचे आहेत, पण उच्चार हास्यास्पद होऊ नयेत. मराठी माणसाने कशाकडे लक्ष द्यावे?
— एक वाचक, पुणे

मराठी माणसाला येथे दोन मोठ्या सवलती जन्मतः मिळालेल्या आहेत. पहिली म्हणजे त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दंत्य आहे. ‘दोबार देन’ म्हणताना इंग्रजी वळणाने ‘ड’कडे जाऊ नये, एवढेच. दुसरी सवलत अधिक मोलाची आहे. आपल्याकडे ‘चहा’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, ‘जीभ’मधला ज आणि ‘जोर’मधला ज वेगळे, हे आपण लिहीत नसलो तरी बोलताना कधी चुकत नाही. मॅसिडोनियनमध्ये या चार आवाजांसाठी चार स्वतंत्र अक्षरे आहेत. ‘चाय’ (चहा) या शब्दात आपल्या चहाचा च, तर किंमत या अर्थाच्या ‘त्सेना’ या शब्दात चाकाचा च. हिंदी भाषकाला हा दुसरा च मुद्दाम शिकावा लागतो.

त्यांची वर्णमाला 31 अक्षरांची आहे आणि 1945 साली ती अधिकृतपणे ठरवण्यात आली. लिहिलेले बहुतांशी जसेच्या तसे वाचायचे असते. स्वर पाच आहेत: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाचा अर्थभेद नाही आणि आपला ‘अ’ तेथे नाही, म्हणून ‘ब्लागोदाराम’मधला प्रत्येक आकार पूर्ण उच्चारावा. ‘नोक्य’च्या शेवटचा आवाज क्य आणि त्य यांच्या मधोमध पडतो. ‘झ्द्रावो’मधला झ हा इंग्रजी ‘झेड’चा आहे, त्यात हकार नाही. ‘मोझे’ या शब्दातला झ त्याहूनही निराळा आहे: ‘श’ म्हणता म्हणता गळ्यातून आवाज घुमवला की तो निघतो. ‘फाला’मधला फ ओठ आणि दात यांच्या फटीतून सोडावा, ‘फळ’मधला फ तेथे चालणार नाही. ‘पहिला’ या अर्थाचा ‘प्र्व’ हा शब्द पाहिला की त्यात स्वरच नाही असे वाटते, पण तेथे र हाच स्वराचे काम करतो. संस्कृत व्याकरणात ऋ आणि लृ यांना स्वर का म्हटले आहे, हे शाळेत कधी पटले नसेल तर या भाषेत पटते.

ज्याने बोलणे परकीय वाटते तो भाग आघाताचा आहे. मॅसिडोनियनमध्ये आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर (येथे अक्षर म्हणजे एका स्वरासह उच्चारला जाणारा तुकडा, जसे ब्ला-गो-दा-राम) पडतो आणि शब्द लांबला की तो पुढे सरकतो. ‘ब्लागोदाराम’मध्ये जोर ‘गो’वर, ‘इझ्विनेते’मध्ये ‘वि’वर, ‘पोवेलेते’मध्ये ‘वे’वर द्यावा. भाषेचे नाव ‘माकेदोन्स्कि’, त्यात जोर ‘के’वर आहे, देशाचे नाव ‘माकेदोनिया’, त्यात तो ‘दो’वर गेला. दोन अक्षरी शब्दांत तो पहिल्या अक्षरावर असतो. परक्या भाषांतून आलेले काही शब्द हा नियम पाळत नाहीत, पण अभिवादनाच्या शब्दांपुरता तो नि:शंक पाळावा.

बैठकीत रुजू होताना ‘दोब्रो उत्रो’ म्हणताना मात्र त्यांची सकाळ लक्षात घ्यावी. भारतीय वेळ त्यांच्यापुढे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असते, त्यामुळे आपले जेवण आटोपलेले असते तेव्हा त्यांची सकाळच चालू असते.

‘मोलाम’ म्हणजे ‘कृपया’ असे मी शिकलो. पण स्कोप्येमध्ये शिकायला आल्यापासून हा शब्द मला कुठेही आणि कशाही अर्थाने ऐकू येतो. दुकानदार ‘पोवेलेते’ म्हणतो तेव्हा त्याला काय उत्तर द्यावे, हेही कळत नाही.
— एक विद्यार्थी, मूळ गाव कोल्हापूर

आपले निरीक्षण बरोबर आहे. ‘मोलाम’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘मी विनंती करतो’ असा आहे आणि त्यातून त्याचे इतर उपयोग निघाले आहेत. काही मागताना ‘वे मोलाम’ (आपल्याला विनंती करतो) किंवा मित्राला ‘ते मोलाम’ म्हणतात. कोणी आभार मानले तर उत्तरादाखल नुसते ‘मोलाम’ म्हणतात. ‘नेमा ना श्तो’ किंवा ‘नेमा झोश्तो’ (त्यात काय एवढे) हेही चालते. समोरच्याचे बोलणे ऐकू आले नाही तर सूर चढवून ‘मोलाम?’ विचारतात आणि फोन उचलल्यावरही कित्येक जण हाच शब्द उच्चारतात. अर्थ ठरतो तो सुरावरून आणि प्रसंगावरून.

‘पोवेलेते’चेही तसेच आहे. सकाळी बेकरीत गेलात तर संवाद साधारण असा होतो. काउंटरमागची बाई विचारते, ‘पोवेलेते?’ म्हणजे ‘बोला, काय हवे?’ आपण म्हणावे, ‘दोब्रो उत्रो. मोझे एदेन बुरेक सो सिरेन्ये?’ चीज भरलेला एक बुरेक (पातळ पापुद्र्यांचा भाजलेला खारा पदार्थ) मिळेल का, असा याचा अर्थ. ती म्हणते, ‘मोझे. नेश्तो द्रुगो?’ म्हणजे ‘मिळेल. आणखी काही?’ बुरेकबरोबर पातळ दही पिण्याची तेथे पद्धत आहे, म्हणून ‘इ एदेन योगुर्त, वे मोलाम’ असे जोडावे. कागदात गुंडाळलेला बुरेक पुढे करताना ती पुन्हा ‘पोवेलेते’ म्हणते. या वेळी त्याचा अर्थ ‘घ्या’ असा असतो आणि त्याला ‘फाला’ हे उत्तर पुरते. निघताना दोन्ही बाजूंनी ‘प्रियात्नो’. याच शब्दाने दारात ‘या, आत या’ म्हणतात, बसमध्ये जागा देऊ करतात आणि एकेरीत मित्राला ‘पोवेलि’ म्हणून ताटली पुढे सरकवतात.

या संवादातील ‘मोझे’ हा शब्द विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. ‘मला हवे’ या अर्थाचे ‘साकाम’ पाठ्यपुस्तकांत आधी येते आणि नवखा माणूस तेच वापरत सुटतो. काउंटरवर ते चूक नसले तरी रोखठोक वाटते. ‘मोझे’ने (चालेल का, मिळेल का) सुरुवात केली की मागणीचा प्रश्न होतो आणि अदब आपोआप येते. ‘ब्लागोदाराम’ आणि ‘फाला’ यांत फरक इतकाच की पहिला शब्द लेखी आणि औपचारिक प्रसंगी शोभतो, तर दुसरा बोलण्यात सर्रास वापरतात. मराठीत आपण दुकानदाराला किंवा घरच्यांना तोंडाने धन्यवाद देत नाही; तेथे द्यावेत, दर वेळी द्यावेत. प्राध्यापकांना मात्र नाव घेऊन हाक मारू नये. पुरुष असतील तर ‘प्रोफेसोरे’ आणि बाई असतील तर ‘प्रोफेसोर्के’ असे संबोधनाच्या रूपात म्हणतात. कार्यालयांत ‘गोस्पोदिने’ (महाशय) आणि ‘गोस्पोग्यो’ (बाईसाहेब) चालतात.

सणाला आणि दुःखाच्या प्रसंगी काय म्हणावे?
— एक वाचिका, पणजी

वाढदिवसाला ‘स्रेक्येन रोदेन्देन’, आणि वाढदिवस, नावाचा दिवस (ज्या संताचे नाव ठेवलेले असते त्याचा सण) किंवा सण यांपैकी काहीही असले तरी ‘झा म्नोगु गोदिनि’ (अशी पुष्कळ वर्षे लाभोत). नवे घर, नवी गाडी, परीक्षेतील यश यांसाठी ‘चेस्तितो’. मॅसिडोनियन ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने चालत असल्यामुळे तेथील नाताळ 7 जानेवारीला येतो, हे गोव्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. 25 डिसेंबरला पाठवलेल्या शुभेच्छा गैर नाहीत, परंतु ऑर्थोडॉक्स घरात त्या दिवशी नाताळ नसतो. ईस्टरला ‘ख्रिस्तोस वोस्क्रेसे’ (ख्रिस्त पुन्हा उठला) असे अभिवादन करतात आणि त्याला ‘नाविस्तिना वोस्क्रेसे’ (खरोखरच उठला) असे उत्तर देतात. ईस्टरनंतर काही आठवडे श्रद्धाळू माणसे एरवीच्या अभिवादनाऐवजी हेच म्हणतात. दुसऱ्या धर्माच्या पाहुण्याने हे शब्द उच्चारलेच पाहिजेत असे नाही. ‘स्रेक्येन वेलिग्देन’ (ईस्टरच्या शुभेच्छा) म्हटले तरी चालते. मुसलमान कुटुंबांना ईदच्या दिवशी ‘स्रेक्येन बायराम’ म्हणावे. रमजान ईदचा पहिला दिवस तेथे सार्वजनिक सुट्टीचा असतो.

मृत्यूच्या प्रसंगी ‘मोएतो सोचुव्स्त्वो’ (माझी सहवेदना) म्हणून हात हाती घ्यावा. मृत पुरुषाविषयी ‘बोग दा गो प्रोस्ति’ आणि स्त्रीविषयी ‘बोग दा या प्रोस्ति’ म्हणतात: देव त्यांना क्षमा करो. मृतांच्या स्मरणाच्या दिवशी दफनभूमीत नातेवाईक येणाऱ्या-जाणाऱ्यांना खाण्याचे पदार्थ वाटतात. ते हातात पडल्यावर ‘फाला’ म्हणू नये, ‘बोग दा प्रोस्ति’ असे म्हणावे. अन्न दिले गेले आहे ते मृताच्या नावाने, म्हणून आभार न मानता त्याच्यासाठी प्रार्थना करायची. श्राद्धाच्या जेवणानंतर जेवणाची वाहवा करायची नसते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यामागची भावना समजेल.

मला थोडी बल्गेरियन येते. तेवढ्यावर भागेल का? आणि तेथे सगळेच मॅसिडोनियन बोलतात का?
— एक वाचक, मुंबई

समजण्यापुरते भागेल, दोन्ही भाषा दक्षिण स्लाव्ह गटातील आणि एकमेकींच्या अगदी जवळच्या आहेत. जुन्या युगोस्लाव्हियात वाढलेल्या पिढीला सर्बियनही समजते. मात्र ‘तुमची भाषा म्हणजे बल्गेरियनच की’ हे वाक्य कौतुकाने म्हटले तरी जिव्हारी लागणारे आहे. बल्गेरियाने या देशाच्या स्वातंत्र्याला 1992 साली सर्वांत आधी मान्यता दिली, पण भाषेचे वेगळेपण अधिकृतपणे मान्य केले नाही, आणि युरोपीय संघाच्या प्रवेशाच्या वाटाघाटींत हा वाद अजून निघतो. क्र्स्ते मिसिर्कोव यांनी 1903 साली स्वतंत्र प्रमाणभाषेची मागणी केली होती आणि 1945 नंतर ब्लाझे कोनेस्कि यांच्या व्याकरणाने तिला घडवले, एवढे ठाऊक असलेला पाहुणा असे वाक्य बोलणार नाही. देशाचे नाव ग्रीसबरोबर 2018 साली प्रेस्पा येथे झालेल्या करारानुसार 2019 पासून ‘उत्तर मॅसिडोनिया’ झाले. लोक आपापसांत ‘माकेदोनिया’च म्हणतात, भाषेचे नाव करारातही ‘मॅसिडोनियन’च आहे. पाहुण्याने नावाच्या चर्चेत स्वतःहून पडू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा आल्बेनियन आहे आणि तेतोवोसारख्या पश्चिमेकडील शहरांत आल्बेनियनच अधिक ऐकू येते. तिचे मॅसिडोनियनशी साम्य नाही. तेथे ‘मिरदिता’ (नमस्कार) आणि ‘फालेमिन्देरित’ (धन्यवाद) हे दोन शब्द जवळ असावेत. दुकानदार कोणती भाषा बोलतो ते ऐकावे आणि मग तोंड उघडावे. स्कोप्ये शहरातील शुतो ओरिझारी या भागात रोमानी बोलणारी मोठी वस्ती आहे. रोमानी ही मुळात भारतातून गेलेली भाषा असल्यामुळे तेथे पाण्याला ‘पानि’च म्हणतात.

मी पाठ केलेले वाक्य नीट म्हणते, पण समोरचा माणूस भराभर उत्तर देतो आणि मी अडकते. तसेच ‘कुठून आलात’ या प्रश्नाला नीट उत्तर कसे द्यावे?
— एक वाचिका, नागपूर

अडचण आपल्या उच्चाराची नसून त्याच्या चांगलेपणाची आहे. नीट उच्चारलेले वाक्य ऐकून समोरच्याला वाटते की आपल्याला भाषा येते. म्हणून पहिल्या वाक्यालाच जोडून ‘झ्बोरुवाम माल्कु माकेदोन्स्कि’ (मी थोडीशी मॅसिडोनियन बोलते) असे सांगून ठेवावे. अडल्यावर ‘ने राझ्बिराम’ (समजले नाही), ‘पोलेका, वे मोलाम’ (जरा सावकाश), ‘पोव्तोरेते, वे मोलाम’ (पुन्हा सांगा) ही तीन वाक्ये कामाला येतात. ‘झ्बोरुवाते लि आंग्लिस्कि?’ (आपल्याला इंग्रजी येते का) हा प्रश्न शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावा, कारण तरुण मंडळी तो ऐकताच इंग्रजीवर येतात आणि परत फिरत नाहीत.

नाव सांगताना ‘से विकाम’ म्हणून पुढे नाव जोडावे. ऐकताना त्यात आपले ‘विकणे’ आठवेल, पण तसा काही संबंध नाही. ‘यास सुम ओद इन्दिया’ म्हणजे ‘मी भारतातून आले’. राष्ट्रीयत्व सांगायचे तर पुरुषाने ‘इन्दिएत्स’ आणि स्त्रीने ‘इन्दिय्का’ म्हणावे. ‘इन्दिया’ हा शब्द कानांवर पडताच वयस्क माणसे बहुधा ‘माय्का तेरेझा’चे नाव काढतात, कारण मदर तेरेसांचा जन्म 1910 साली स्कोप्येतच एका आल्बेनियन कुटुंबात झाला होता आणि शहराच्या मध्यभागी त्यांचे स्मृतिगृह 2009 साली उघडले गेले. अशा वेळी ‘दा, झ्नाम’ (हो, ठाऊक आहे) म्हणावे आणि ओळख करून दिली गेली असेल तर ‘मिलो मि ए’ (भेटून आनंद झाला) हे जोडावे; त्यापुढचे बोलणे बहुधा समोरचेच करतात.